भागीदारी कोणाची, जोखीम कोणाची?

आयोजकांनी आम्हाला दिलेला विषय असा आहे: राष्ट्रीय हरित ऊर्जा धोरणात सरकार आणि उद्योग यांचं सहकार्य. असा विषय ऐकला की श्रोत्यांना वाटतं, आता वक्ता आकडे वाचणार आणि आपण मोबाइल काढायचा. आकडे येतील, ते टाळता येणार नाहीत. पण आमचा व्यवसाय तत्त्वज्ञान शिकवण्याचा होता. शब्द हातात घ्यायचा, उलटसुलट करून बघायचा, खणखणीत वाजतो का बद्द वाजतो ते ऐकायचं, एवढंच आम्हाला येतं. तेव्हा आज 'भागीदारी' हा एकच शब्द घेऊ, आणि तो भारताच्या सौर धोरणात कसा वापरला गेला ते पाहू. सौर धोरणच का? कारण पंधरा वर्षांचा इतिहास समोर आहे. हरित हायड्रोजनचं मिशन जानेवारी 2023 मध्ये मंजूर झालं, 19,744 कोटी रुपयांचं. त्याबद्दल आज बोलणं म्हणजे पत्रिका बघण्यासारखं होईल.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या विषयावर दोन सोपी भाषणं तयार असतात. एका भाषणात दोन-तीन उद्योगपतींची नावं घेतली जातात, टाळ्या पडतात, आणि विचार झाला असं सगळ्यांना वाटतं. दुसऱ्या भाषणात सौर विजेचा दर किती घसरला याचा आलेख दाखवतात, तिथेही टाळ्या पडतात. दोन्ही भाषणांत थोडं खरं असतं. आम्हाला दोन्ही अपुरी वाटतात.

आता मूळ दस्तऐवजाकडे येऊ. जानेवारी 2010 मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं. 2008 च्या हवामानबदलविषयक राष्ट्रीय कृती आराखड्यात जी आठ मिशन होती, त्यांपैकी हे एक. 2022 पर्यंत 20,000 मेगावॉट, हे त्याचं उद्दिष्ट सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्याच कागदावर आणखी दोन उद्दिष्टं होती, ती कोणाला आठवतात? पाणी तापवणाऱ्या आणि तत्सम सौर संग्राहकांचं 2 कोटी चौरस मीटर क्षेत्र, आणि ग्रामीण भागासाठी 2 कोटी सौर दिवे. म्हणजे मूळ मजकुरात खेड्यातला दिवा आणि वाळवंटातला मोठा प्रकल्प शेजारी शेजारी बसले होते. 2015 मध्ये उद्दिष्ट पाचपट झालं, 1,00,000 मेगावॉट. तेव्हापासून सगळी चर्चा मेगावॉटचीच राहिली. दिव्याचं माप मेगावॉटमध्ये निघत नाही, आणि ज्याचं माप नाही त्याचं टेंडर नाही. ज्याचं टेंडर नाही त्याला भागीदार मिळत नाही.

ही पहिली खूण लक्षात ठेवा. सरकार आणि उद्योग एकत्र बसतात तेव्हा ते फक्त काम वाटून घेत नाहीत. काय मोजायचं, हेही तिथेच ठरतं.

आता सहकार्य प्रत्यक्षात कसं चाललं ते बघू, कारण ते खरोखर चाललं, हे मान्य केल्याशिवाय टीका करण्याचा अधिकार मिळत नाही. 2010-11 साठी केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचा दर युनिटला 17.91 रुपये धरला होता. इतकी महाग वीज कोणतं राज्य घेणार? मग उलटा लिलाव आला. नेहमीच्या लिलावात बोली चढत जाते, इथे उतरत जाते. पहिल्याच फेरीत सर्वांत कमी बोली 10.95 रुपयांवर आली, पुढच्या वर्षी 7.49 वर. तरीही ती महागच होती. म्हणून एनटीपीसीच्या व्यापार कंपनीने एक युक्ती केली: सौर वीज कोळशाच्या स्वस्त विजेत मिसळून राज्यांना विकायची. गंमत बघा, सूर्य पहिल्यांदा बाजारात आला तो कोळशाचा हात धरून! यात आम्हाला खोट दिसत नाही. लहान मूल चालायला लागताना कोणाचं तरी बोट धरतंच.

पुढे 2017 मध्ये मध्य प्रदेशात रीवा इथला 750 मेगावॉटचा लिलाव झाला. पहिल्या वर्षाचा दर 2.97 रुपये लागला. वर्तमानपत्रांनी त्याला चमत्कार म्हटलं. चमत्कार काही नव्हता. पॅनेल जगभर स्वस्त होत होती, हे एक कारण. दुसरं कारण कागदावर होतं. जमीन आणि पारेषणाची सोय सरकारी बाजूने करून दिली. पैसे थकले तर काय, याची तिहेरी तरतूद केली: आधी बँकेचं पतपत्र, मग खास निधी, आणि त्याच्याही मागे राज्य सरकारची हमी. वीज तयार असून घेतली नाही तर भरपाई. दिल्ली मेट्रोसारखा पैसे वेळेवर देणारा ग्राहक जोडून दिला. सरकारने जोखीम उचलली, ती उघडपणे उचलली आणि तिची किंमत आधी मोजली. जोखीम उतरली तसं कर्जाचं व्याज उतरलं, व्याज उतरलं तसा दर उतरला. आम्हाला विचाराल तर या सगळ्या इतिहासातलं सर्वांत प्रामाणिक सहकार्य इथे दिसतं, कारण कोण काय उचलतो आहे ते इथे लिहिलेलं होतं.

याच्या उलट उदाहरण आपल्या साताऱ्यात आहे. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवरच्या पवनचक्क्या तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. त्या काळात पवनऊर्जेला मुख्य प्रोत्साहन कशाचं होतं? आयकरातल्या वेगवान घसाऱ्याचं. चक्की उभी केली की तिच्या किमतीचा मोठा भाग, एके काळी तर शंभर टक्के, पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा करता यायचा. म्हणजे ज्याचा विजेशी काडीचा संबंध नाही अशा नफ्यातल्या कंपनीलाही चक्की उभारण्यात रस होता. वारा वाहतो का, यापेक्षा 31 मार्चच्या आत चक्की उभी राहते का, हा प्रश्न महत्त्वाचा झाला. तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटमागे 50 पैसे देण्याची केंद्राची योजना आली ती 2009 च्या अखेरीस. सरकारने पैसा दोन्ही वेळा दिला. पहिल्यांदा तो उभं राहण्यासाठी दिला आणि नंतर फिरण्यासाठी. भागीदारीत आपण कशाचे पैसे देतो, हे स्वतःला विचारलं नाही तर काय होतं, ते पाहायला पठारावर जावं.

आता थोडं आमच्या विषयाकडे वळतो, थोडाच वेळ. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत: सद्गुणाची मैत्री, सुखाची मैत्री आणि उपयुक्ततेची मैत्री. तो म्हणतो की तक्रारी आणि भांडणं मुख्यतः तिसऱ्या प्रकारात होतात, कारण तिथे प्रत्येकाला आपल्याला कमी मिळालं असं वाटत राहतं. सरकार आणि उद्योग यांची मैत्री ही तिसऱ्या प्रकारची. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज तेव्हा वाटावी, जेव्हा ती पहिल्या प्रकारची आहे असं भासवलं जातं. परिषदांमधली ती भाषा आठवा: राष्ट्रनिर्माणातले सहप्रवासी, समान स्वप्न, सामायिक जबाबदारी वगैरे. सहप्रवाशाला आपण तिकीट विचारत नाही. इथे विचारायला हवं.

आणि भांडण झालंच. 2019 मध्ये आंध्र प्रदेशात सत्तांतर झालं. नव्या सरकारने आधीच्या सरकारने केलेले पवन आणि सौर वीजखरेदीचे करार पुन्हा उघडायचं ठरवलं, वाटाघाटींसाठी उच्चस्तरीय समिती नेमली. त्यांचं म्हणणं असं की आता बाजारात वीज इतकी स्वस्त मिळते, मग आमच्या ग्राहकाने जुन्या चढ्या दराचं ओझं पंचवीस वर्षं का वाहायचं? कंपन्या कोर्टात गेल्या. प्रकरण चालू असताना त्यांना अंतरिम दर मिळत होता पवनविजेसाठी 2.43 आणि सौर विजेसाठी 2.44 रुपये. शेवटी मार्च 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितलं की करारात लिहिलेला दरच द्यावा लागेल.

कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. आमच्या दृष्टीने तो तिथे सुरू होतो. वचन पाळावं, हे तर आहेच. वचन न पाळणाऱ्या राज्याला पुढचा सावकार जास्त व्याज लावतो, आणि ते व्याज शेवटी विजेच्या बिलातच येतं. तेव्हा करार मोडणं हा गरिबाच्या बाजूचा निर्णय असतो, हा समज आम्हाला भाबडा वाटतो. पण दुसरी बाजूही पाहा. जुलै 2018 मध्ये केंद्राने आयात पॅनेलांवर संरक्षक शुल्क लावलं, 25 टक्के. ज्यांनी आधीच बोली लावल्या होत्या, त्यांचा खर्च वाढला. त्यांच्या करारात 'कायद्यातील बदल' नावाचं एक कलम होतं. सरकारने मध्येच नियम बदलला आणि त्यामुळे खर्च वाढला तर भरपाई मागता येते, असं ते कलम. कंपन्यांनी भरपाई मागितली. मागणं रास्तच होतं.

म्हणजे करार दोन्ही पक्षांना वाचवतो. वाचवतो फक्त त्यांना, ज्यांच्या हाती तो करार असतो. आम्हाला खरं जे बोलायचं आहे ते इथून पुढे आहे.

कर्नाटकातल्या तुमकुरू जिल्ह्यात पावगडा नावाचा दुष्काळी तालुका आहे. तिथे 2,050 मेगावॉटचा सौर पार्क उभा राहिला. सुमारे 13,000 एकर जमीन, आणि ती विकत किंवा सक्तीने घेतलेली नाही. शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली, एकरी वर्षाला 21,000 रुपये, आणि दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ. भूसंपादनाच्या आपल्या रक्तरंजित इतिहासाकडे पाहता ही मोठी सुधारणा आहे. जमीन नावावर राहिली, भाडं येऊ लागलं, वर्षानुवर्षं पाऊस हुलकावणी देणाऱ्या भागात ते थोडं नव्हे. धोरणकर्ते या प्रयोगाचं कौतुक करतात, आणि आम्हीही करतो.

पण हिशेब करा. दर दोन वर्षांनी 5 टक्के, म्हणजे दहा वर्षांनंतर ते भाडं 26,800 च्या आसपास जातं. दहा वर्षांत किराणा कितीने वाढतो हे तुम्हाला सांगायला नको. कंपनीच्या करारात कर वाढला तर संरक्षण देणारं कलम आहे. शेतकऱ्याच्या भाडेपट्ट्यात महागाई वाढली तर त्याला वाचवणारं तसं कलम नाही, आहे ती ठरीव वाढ. तरी हा शेतकरी भाग्यवान म्हणायचा, कारण त्याच्या नावावर निदान सातबारा आहे, म्हणजे तिथला जो उतारा असेल तो. त्याच शेतात जो मजूर राबत होता, त्याच्या हाती काय आहे? शेती थांबली, मजुरी थांबली. भाडं जमिनीला मिळतं, श्रमाला मिळत नाही. ज्याच्या शेळ्या त्या पडीक शिवारात चरत होत्या, तोही यात कुठे नाही. सरकार, सौर पार्क चालवणारी कंपनी, वीज बनवणाऱ्या कंपन्या, जमीनमालक अशी सगळी साखळी कागदावर आहे. मजूर आणि गुराखी त्या कागदाच्या बाहेर उभे. त्यांनी नकार दिला नाही, कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. नकार देण्याची संधीच ज्याला मिळाली नाही, त्याच्या गप्प बसण्याला संमती म्हणता येईल का?

हा प्रश्न नवा नाही, आणि विजेच्या बाबतीत तर तो आपल्याच माणसाने विचारून ठेवला आहे. 1942 ते 1946 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. लोक मजूर खातं म्हणून लक्षात ठेवतात. वीज आणि सिंचनाचं धोरणही त्यांच्याकडे होतं, हे विसरतात. ऑक्टोबर 1943 मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज खाजगी असावी की सरकारी, हा प्रश्न ठेवला. पण त्याआधी त्यांनी उद्देश ठेवला: स्वस्त आणि भरपूर वीज हवी, कारण तिच्याशिवाय औद्योगिकीकरण नाही, आणि औद्योगिकीकरणाशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही. म्हणजे आधी हे सगळं कोणासाठी, आणि मग मालकी कोणाची. आजच्या धोरणाची टिपणं वाचताना आम्हाला वाटतं की क्रम उलटला आहे. भागीदार कोण हे पहिल्या पानावर असतं, कोणासाठी हे प्रस्तावनेत एका वाक्यात उरकलेलं असतं.

हे नुसतं तात्त्विक नाही. त्याचे परिणाम आकड्यांत दिसतात. 2022 पर्यंतच्या 1,00,000 मेगावॉटपैकी 40,000 मेगावॉट घरांच्या, दुकानांच्या, कारखान्यांच्या छतांवर व्हायचे होते. 2022 संपलं तेव्हा देशात सौर क्षमता एकूण सुमारे 63,000 मेगावॉट होती, आणि छतांचा वाटा 40,000 च्या जवळपासही नव्हता. मोठे प्रकल्प पुढे गेले, छतं मागे राहिली. का? छतावरच्या पॅनेलची जोडणी कोण करून देणार? वीज वितरण कंपनी. आणि छतावर पॅनेल कोण लावतो? ज्याचं बिल मोठं आहे तो, म्हणजे वितरण कंपनीचा सर्वांत चांगला गिऱ्हाईक. आपलं उत्तम गिऱ्हाईक घालवण्यात कंपनीने उत्साहाने भागीदार व्हावं, अशी धोरणाची अपेक्षा होती! एखाद्या खानावळवाल्याला सांगावं की तुझ्या गिऱ्हाइकांना घरी स्वयंपाक शिकव, तशातली गत. त्यात या कंपन्यांची अवस्था अशी की जून 2022 मध्ये थकबाकी वसुलीचे नवे नियम आले, तेव्हा वीजनिर्मिती कंपन्यांचं त्यांच्याकडचं येणं सव्वा लाख कोटींच्या वर होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या सूर्यघर योजनेने घरमालकाला थेट अनुदान दिलं, तीन किलोवॉटला 78,000 रुपये, आणि छतांना वेग आला. वितरण कंपनीचं मूळ दुखणं मात्र तसंच आहे.

एका श्रोत्याने मघाशी चिठ्ठी पाठवली आहे: 'म्हणजे तुम्ही सौर प्रकल्पांच्या विरोधात आहात का?' नाही. कोळशाच्या राखेत जगणाऱ्या चंद्रपूरकरांना तो प्रश्न विचारून पाहा. आम्हाला सौर ऊर्जा हवी आहे, लवकर हवी आहे, आणि उद्योगांशिवाय ती येणार नाही हेही दिसतं. म्हणूनच भागीदारी हा शब्द स्वस्तात जाऊ नये असं वाटतं.

आता महाराष्ट्राकडे येतो, कारण हा प्रश्न या घडीला आपल्या गावांत आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची, आणि तिची दुसरी आवृत्ती 2023 ची. कल्पना चांगली आहे. शेतीच्या वाहिनीला जवळच्याच सौर प्रकल्पातून दिवसा वीज द्यायची. रात्री दोन वाजता पाण्याला जाणाऱ्या, विंचू-सापाच्या भीतीने बॅटरी धरून बांधावर उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणं याची किंमत शहरात बसून कळत नाही. 2024 मध्ये 9,200 मेगावॉटची कामं कंपन्यांना दिली गेली. खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, त्यावर दर वर्षी 3 टक्के सरळ वाढ. पावगड्यापेक्षा आकडा चांगला आहे. ग्रामपंचायतीला तीन वर्षांत पंधरा लाख.

पण योजनेत सरकारी जमीनही वापरली जाते, आणि खेड्यात सरकारी जमीन म्हणजे बहुतेक वेळा गायरान. गायरान हा शब्द महसुली दप्तरात मोकळ्या जमिनीसारखा दिसतो. गावात ते मोकळं कधीच नसतं. त्यावर धनगराची मेंढरं असतात, एकट्या बाईच्या दोन शेळ्या असतात, मराठवाड्यात तर कित्येक ठिकाणी भूमिहीन दलित कुटुंबं दोन-दोन पिढ्या ते कसत आली आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 मध्ये भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांत हजारो माणसं तुरुंगात गेली ती याच प्रकारच्या जमिनीसाठी. त्या जमिनीवर आता पॅनेल येणार असतील तर खाजगी मालकाला हेक्टरी सव्वा लाख आणि गायरानावरच्या माणसाला काय? पंचायतीला पंधरा लाख मिळतात हे उत्तर पुरेसं नाही. पंचायत म्हणजे गाव आणि गाव म्हणजे गावातला शेवटचा माणूस, हे समीकरण पुस्तकात सुटतं, चावडीवर सुटत नाही.

आमच्या मते इथे करता येण्यासारखं आहे, आणि ते अवघडही नाही. ज्या गायरानावर प्रकल्प येतो, तिथल्या विकल्या गेलेल्या प्रत्येक युनिटमागे काही पैसे प्रत्यक्ष चराई आणि कसवणूक करणाऱ्या कुटुंबांच्या खात्यात जावेत, वीजखरेदी करारात लिहून, प्रकल्पाच्या पूर्ण मुदतीसाठी. तीन वर्षांपुरती देणगी नको. मुदत कंपनीला जितकी, तितकीच त्यांना. यादी ग्रामसभेत वाचावी, करार मराठीत चावडीवर लावावा. दर युनिटला दोन-चार पैशांनी वाढेल. रीवामध्ये बँकेची भीती घालवायला सरकारने तिहेरी हमी दिली होती. मेंढपाळाची भीती घालवायला एक कलम घालता येऊ नये?

शेवटचा मुद्दा मुदतीचाच. मिशनच्या पहिल्या काळातल्या प्रकल्पांचे पंचवीस वर्षांचे करार 2036-37 च्या सुमारास संपू लागतील. 2022 च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेल आली, हे चांगलं झालं. पण 2034-35 पर्यंतचा पॅनेलचा कचरा उत्पादकांनी साठवून ठेवावा, असं ते नियम सांगतात. साठवायचा, म्हणजे पुढचं पुढे. ज्या कंपनीने पॅनेल बसवली ती तोवर दोनदा विकली गेलेली असेल. ज्या मंत्र्यांनी फीत कापली ते निवृत्त असतील. जमीन मात्र तिथेच असेल, आणि ती परत घ्यायला आलेल्या मुलाला बांध कुठे होता ते शोधावं लागेल. प्रकल्प काढून जमीन पूर्ववत करण्याचा खर्च आज कोणाच्या खात्यात जमा होतो आहे, हे आपल्या गावातल्या प्रकल्पाचा करार मागवून पाहा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज एका पानाचा असतो आणि त्याला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं.

आता चिठ्ठ्या बऱ्याच जमल्या आहेत. प्रश्नांकडे वळू.